भेटला का?

पुण्याकडे पगार मिळतो, वऱ्हाडात तो भेटतो. बस भेटते, गोळ्या भेटतात आणि मोबाईलवर पाठवलेला फोटोही भेटतो. म्हणून मेळघाटातल्या एखाद्या आरोग्य केंद्रातून अमरावतीच्या डॉक्टरांकडे रुग्णाचा ईसीजी पाठवला, की मागोमाग फोन जातो आणि पहिला प्रश्न असतो, "सर, ईसीजी भेटला का?" संगणकाच्या जाळ्याचे शास्त्र ज्याने कधी वाचले नाही, तोही हा प्रश्न न चुकता विचारतो. गंमत अशी, की इंटरनेटवरून एखादी गोष्ट जशीच्या तशी पोहोचते ती याच प्रश्नामुळे. फोटो जात असतो त्या काही सेकंदांत तुमच्या फोनच्या आत तो पुन्हा पुन्हा विचारला जात असतो.

धारणी ते अमरावती हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. मध्ये हरिसाल, सेमाडोह, मग घाट उतरून परतवाडा. रुग्णवाहिकेला या वाटेवर काही तास जातात, फोटोला काही सेकंद. छातीत दुखणाऱ्या माणसाला लगेच खाली हलवायचे, की तिथेच औषध सुरू करायचे, हा निर्णय त्या फोटोतल्या बारीक रेघांवर होतो. अशा वेळी फोटो अर्धवट आला, उशिरा आला किंवा आलाच नाही, तर? तो नक्की येईल याची हमी कोणी घेतली आहे?

उत्तर थोडे धक्कादायक आहे. इंटरनेट स्वतः कसलीही हमी घेत नाही.

तीन मेगाबाइटचा एक फोटो घ्या. तो अखंड जात नाही. त्याचे साधारण दीड हजार बाइटांचे तुकडे होतात, म्हणजे सुमारे दोन हजार पॅकेट. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो आणि प्रत्येक जण आपापल्या वाटेने निघतो. वाटेतली राउटर नावाची यंत्रे पत्ता वाचून पॅकेट पुढे ढकलतात. राउटरकडे गर्दी झाली आणि रांग लावायला जागा उरली नाही, तर तो पॅकेट सरळ टाकून देतो. पाठवणाऱ्याला कळवण्याचे बंधन त्याच्यावर नाही. पॅकेट मागेपुढे पोहोचू शकतात, एकच पॅकेट दोनदा येऊ शकते, एखादे येतही नाही. पत्त्यांचे काम पाहणारा हा जो नियमांचा संच आहे, आयपी, त्याचे वचन एवढेच, की प्रयत्न करीन.

असे बेभरवशाचे जाळे मुद्दाम का बांधले? याचे कारण समजून घ्यायला अकोला जिल्ह्यातले मूर्तिजापूर स्टेशन आठवावे. जुन्या लोकांना शकुंतला आठवत असेल. अचलपूर, अंजनगाव सुर्जी, दर्यापूर या पट्ट्यातून आणि दुसऱ्या अंगाने यवतमाळकडून येणारी, अडीच फुटी रुळांवरची ही छोटी गाडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुख्यतः कापसासाठी घातली गेली. मूर्तिजापूरला मात्र मुंबईकडे जाणारे रूळ साडेपाच फुटांचे. छोटा डबा मोठ्या रुळावर चढणार कसा? त्यामुळे कापसाच्या गाठी इथे उतरवायच्या आणि मोठ्या गाडीत भरायच्या. दोन वेगळ्या रेल्वे, दोन वेगळे माप, मध्ये एक फलाट. गाठीला त्याचे काही नव्हते. तिच्यावरचा शिक्का दोन्हीकडे वाचता येत होता, तेवढे पुरे.

1974 साली व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोन अमेरिकन संशोधकांसमोर नेमकी हीच अडचण होती. तेव्हा टेलिफोनच्या तारांवरचे जाळे वेगळे, रेडिओचे वेगळे, उपग्रहाचे वेगळे. प्रत्येकाच्या तुकड्याचा आकार वेगळा, वेग वेगळा, गळती वेगळी. सगळ्यांना एका मापाचे करणे अशक्य होते. त्यांनी सुचवले, की जाळ्यांना हात लावू नका. मध्ये फलाट ठेवा, म्हणजे गेटवे. फलाटाने फक्त माल उतरवावा आणि चढवावा. माल सगळा आला की नाही, हे मोजण्याचे काम दोन टोकांना बसलेल्या संगणकांनी करावे. पुढे पत्त्याचे काम आणि मोजदादीचे काम असे दोन थर वेगळे झाले, आयपी आणि टीसीपी. 1 जानेवारी 1983 रोजी अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्याने हेच नियम स्वीकारले. आज हरिसालच्या टॉवरवरून निघालेले पॅकेट याच नियमांनी चालते. मधल्या जाळ्याकडून फारशी अपेक्षा ठेवली नाही म्हणूनच कोणतेही नवे जाळे त्याला जोडता आले.

याचा अर्थ खालचे थर अगदीच हात झटकून बसतात असे नाही. अगदी तळाशी तार किंवा लहरी असतात आणि त्यांच्या लगेच वर त्या एका टप्प्यापुरती राखण करणारा थर असतो. केबलमध्ये प्रत्येक तुकड्यामागे एक तपासणीचा आकडा लावलेला असतो. पलीकडे पुन्हा हिशेब करून तो जुळला नाही, तर तुकडा फेकून दिला जातो. वाय-फायमध्ये त्याहून पुढची काळजी असते, तिथे सहसा तुकड्यागणिक पावती द्यावी लागते. मोबाईलच्या टॉवरचे तर विचारू नका. डोंगर, सागाची झाडे, पाऊस, यातून येणारी लहर इतकी मळलेली असते, की टॉवर आणि फोन काही हजारांश सेकंदांत 'नाही कळले, परत सांग' असे एकमेकांना म्हणत राहतात. हा खटाटोप नसता तर मेळघाटात साधा संदेशही धड गेला नसता.

रेंजचा प्रश्न इथे किती नाजूक आहे हे अवघ्या महाराष्ट्राने पाहिले आहे. 2016 मध्ये राज्य सरकारने मायक्रोसॉफ्टच्या साथीने धारणी तालुक्यातले हरिसाल 'डिजिटल गाव' म्हणून पुढे आणले. दूरच्या डॉक्टरांकडून पडद्यावर तपासणी, ही त्यातली एक सोय. 2019 च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी याच गावाचे व्हिडिओ सभांमध्ये दाखवून ते खरेच डिजिटल झाले का असे विचारले, आणि सरकारी बाजूनेही उत्तर दिले. त्या वादात जाण्याचे इथे कारण नाही. पण दोन्ही बाजू रेंज, वाय-फाय आणि यंत्रे यांवरच भांडत होत्या. म्हणजे सगळ्यांचे लक्ष तळाच्या थरावर होते. रस्ता तर हवाच. पण चांगला रस्ता म्हणजे पोहोचलेला माल नव्हे. अमरावती-अकोला महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचे डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झाले आणि गिनीज बुकात नोंद झाली. अभिमानाची गोष्ट आहे. त्या रस्त्यावरून निघालेले पार्सल योग्य दारात पडले का, हे मात्र डांबर सांगू शकत नाही.

ते सांगते टीसीपी. त्याची रीत एखाद्या जुन्या अडत्याच्या वहीसारखी आहे. बोलणे सुरू करण्याआधी दोन टोके एकमेकांना हाक देतात. 'ऐकू येते का?' 'येते. माझे तुला येते का?' 'येते.' मग पाठवणारा प्रत्येक बाइटला क्रमांक देतो. घेणारा सांगतो, 'अमुक क्रमांकापर्यंत सलग भेटले, आता पुढचे दे.' मधला तुकडा गळाला तर घेणाऱ्याची पावती त्याच जागी अडून राहते. पुढचे तुकडे येत राहिले तरी तो म्हणत राहतो, 'मला अजून तोच हवा आहे.' तीच पावती पुन्हा पुन्हा आली, की पाठवणारा समजतो आणि हरवलेला तुकडा परत पाठवतो. दोनदा आलेला तुकडा क्रमांकामुळे ओळखू येतो, मागेपुढे आलेले जागेवर लागतात. फोटो उघडतो तेव्हा यातले काहीच दिसत नाही.

आणि पावतीच आली नाही तर? मग घड्याळ. ठरावीक वेळ वाट पाहायची, नंतर पुन्हा पाठवायचे. त्याही वेळी उत्तर नाही आले, तर वाट पाहण्याची वेळ दुप्पट करायची. एक सेकंद, दोन, चार, आठ, सोळा, पुढे पुढे मिनिटभरसुद्धा. घाटातून जाणाऱ्या रुग्णवाहिकेत बसलेल्यांना हे नकळत माहीत असते. सेमाडोहच्या पुढे रेंज जाते, बऱ्याच वेळाने फोनवर दांड्या पुन्हा दिसू लागतात, तरी फोटोवरची गोल चकरी फिरतच राहते. लोक फोनला शिव्या देतात. फोन मात्र आपल्या घड्याळाप्रमाणे पुढच्या प्रयत्नाची वेळ येण्याची वाट पाहत असतो. अनेकदा अशा वेळी पाठवणे रद्द करून पुन्हा पाठवले तर काम लवकर होते, कारण नवी हाक दिली जाते आणि घड्याळ पहिल्यापासून सुरू होते.

दर वेळी दुप्पट थांबण्यामागे सौजन्य आहे, आणि ते अनुभवातून आलेले आहे. उत्तर न येण्याचे कारण बहुधा वाटेतली गर्दी असते. त्या गर्दीत सगळ्यांनी अधीरपणे तेच ते पुन्हा पाठवायला सुरुवात केली, तर जाळे स्वतःच्याच पुनरुक्तीने गुदमरते. ऑक्टोबर 1986 मध्ये कॅलिफोर्नियात हे घडले. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यात अंतर चारशे यार्डांचे. त्यांच्यातला वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर कोसळला. म्हणजे चालत जाऊन कागद देणे परवडले असते. व्हॅन जेकबसन या संशोधकाने त्याचा माग काढला आणि टीसीपीला सबुरी शिकवली. आधी थोडे पाठव, पावत्या नीट येत असतील तर वाढव, गळती दिसली की लगेच हात आखड. जगभरातले फोन आणि संगणक आजही थोड्याफार फरकाने हीच शिस्त पाळतात. कोणी पोलीस उभा नाही. एवढ्या मोठ्या गर्दीत स्वखुशीने पाळली जाणारी अशी दुसरी शिस्त मला तरी माहीत नाही.

आता थोडे मूर्तिजापूरच्या फलाटावर परत जाऊ. समजा दोन्ही रेल्वे कंपन्या आपापल्या रुळांवर फार दक्ष आहेत. डबा निघताना वजन, पोहोचताना वजन, दोन्ही जुळतात. तरीही मुंबईला गाठ फाटलेली निघते. का? कारण ती रुळावर फाटलीच नाही. ती फलाटावर, एका डब्यातून दुसऱ्यात टाकताना फाटली, आणि नव्या डब्यात चढल्यावर फाटक्या गाठीचे वजन नव्याने लिहिले गेले.

ही कल्पना नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत अगदी असेच झाले होते. तिथल्या जाळ्यांना जोडणारा एक गेटवे संगणक बिघडला. माल आत घेऊन बाहेर देताना दहा लाख बाइटांमागे सुमारे एकदा तो दोन बाइटांची अदलाबदल करी. प्रत्येक टप्प्यावर तपासणी होती आणि प्रत्येक टप्पा 'बरोबर' असेच सांगत होता, कारण तपासणीचा आकडा गेटवेमधून बाहेर पडताना नव्याने काढला जाई. ज्यांचे संगणकीय लेखन या वाटेने वारंवार गेले, त्यांना शेवटी जुन्या छापील प्रती काढून ओळ न् ओळ ताडून पाहावी लागली. जेरोम सॉल्ट्झर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क यांनी 1980 च्या दशकात लिहिलेल्या एका निबंधात ही हकीकत दिली आहे. त्यांचे म्हणणे असे, की मधल्या टप्प्यांवर कितीही पहारे बसवा, त्याने वेग सुधारेल, चुका कमी होतील, पण बिनचूकपणाचा अंतिम निर्वाळा फक्त दोन टोकेच देऊ शकतात. ज्याला काय पाठवले हे माहीत आहे आणि ज्याला काय भेटले हे दिसते आहे, त्यांनीच.

टीसीपीची स्वतःची तपासणीही तशी साधीच आहे. ती एक प्रकारची बेरीज आहे आणि किराणा बिलातल्या दोन रकमा वरखाली केल्या तरी बेरीज बदलत नाही. 2000 साली जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी खऱ्याखुऱ्या जाळ्यांवरची पॅकेट तपासली, तेव्हा 1,100 ते 32,000 पॅकेटांमागे एक पॅकेट असे निघाले, की ज्यात तळाच्या थराच्या तपासणीतून सुटलेली चूक टीसीपीच्या बेरजेने पकडली. आणि तीही चुकवून आत शिरणारे थोडेसे उरतच होते. आता बहुतेक ॲप आपला मजकूर कुलूपबंद करून पाठवतात. त्या कुलपात मजकुराला बाधा झाली तर ती पकडणारी पक्की तपासणी असते आणि ती दोन टोकांमध्येच होते. त्यामुळे आज वाटेत ईसीजीची एखादी रेघ गुपचूप बदलेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

भीती असलीच तर ती वेगळ्या जागी आहे. एक म्हणजे आवाज.

डॉक्टरांशी बोलण्याच्या कॉलमध्ये टीसीपीची चिकाटी उपयोगाची नसते. हरवलेला शब्द दोन सेकंदांनी परत आणून काय करणार, तोवर बोलणे पुढे गेलेले असते. म्हणून आवाज आणि व्हिडिओ बहुतेक वेळा पावती न मागणाऱ्या दुसऱ्या नियमाने जातात. आवाजाचे साधारण 20 हजारांश सेकंदांचे तुकडे होतात. एखादा गळाला तर फोन आजूबाजूच्या आवाजावरून अंदाजाने ती फट बुजवतो आणि आपल्याला कळतही नाही. पण गळती एकेकट्याने येत नाही, ओळीने येते. लागोपाठ चारपाच तुकडे गेले तर एक व्यंजन सहज गडप होते. 'साठ' मधला 'स' असाच गेला, तर पलीकडे 'आठ' ऐकू येते. कॉल स्वच्छ वाटतो आणि डोस चुकतो.

25 मार्च 2020 रोजी केंद्र सरकारने दूरवैद्यकाचे जे मार्गदर्शक नियम काढले, त्यात डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी सहीसह फोटो, स्कॅन किंवा डिजिटल रूपात पाठवावी असे म्हटले आहे. कायद्यासाठी, नोंदीसाठी ते आहेच. पण जाळ्याच्या अंगाने पाहिले तर त्याचा आणखी एक फायदा आहे. बोललेला आकडा पावती न मागणाऱ्या वाटेने जातो, लिहिलेला आकडा पावती घेतल्याशिवाय राहत नाही. ई-संजीवनीसारख्या सेवेत आरोग्य केंद्रातून पडद्यावर डॉक्टर दिसतात तेव्हाही औषध शेवटी चिठ्ठीवरूनच द्यायचे, ते यासाठी. आणि तोंडी सांगितलेला डोस ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचा, ही रुग्णालयातली जुनी रीत फोनवर तर दुपटीने पाळायला हवी.

दुसरी जागा म्हणजे जाळ्यात शिरण्याआधीचा टप्पा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र ॲप आधी दाबून लहान करते आणि मग पाठवते. लहान झालेले चित्र पुढे अगदी बिनचूक पोहोचते, एकही बाइट इकडचा तिकडे होत नाही. पण एक्स-रेवरची पुसट सावली किंवा ईसीजीच्या कागदावरचे बारीक चौकोन निघण्याआधीच गेलेले असतात. तेच चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून जोडले तर मूळ जसेच्या तसे जाते. रेंज कमी असेल तर वेळ जास्त लागेल, एवढाच फरक. परगावच्या डॉक्टरांना रिपोर्ट पाठवणाऱ्या प्रत्येक घराने एवढे लक्षात ठेवले तरी चालेल.

तिसरी जागा, आणि माझ्या मते सर्वांत धोक्याची, शेवटच्या थराच्याही वर आहे. एक टिक म्हणजे संदेश कंपनीच्या संगणकाला भेटला. दोन टिक म्हणजे समोरच्या फोनला भेटला. निळ्या टिक म्हणजे ती खिडकी उघडली गेली. यातल्या एकाचाही अर्थ डॉक्टरांनी ईसीजी पाहिला असा होत नाही. फोन कपाटात असेल, डॉक्टर दुसऱ्या रुग्णापाशी असतील, किंवा ग्रुपवरच्या तीस संदेशांत तो फोटो वर सरकून गेला असेल. सॉल्ट्झर आणि त्यांचे सहकारी ज्याला टोक म्हणत होते, ते इथे संगणक नव्हे. एक टोक रुग्णाजवळ उभी असलेली परिचारिका आहे आणि दुसरे टोक निर्णय घेणारा डॉक्टर.

त्यामुळे इर्विनला फोन करा की अकोल्याच्या सर्वोपचारला, 'भेटला का?' याचे 'हो, भेटला' हे उत्तर अर्धेच आहे. टीसीपीही नुसते 'भेटले' म्हणत नाही, कुठपर्यंत भेटले याचा क्रमांक सांगते. पलीकडच्याने रुग्णाचे नाव, वय आणि कागदावरची वेळ वाचून दाखवावी: "बाई, वय पंचावन्न, सकाळी दहा वीसचा, दोन पाने, बरोबर?" आणि किती मिनिटे वाट पाहायची हे पाठवण्याआधीच ठरलेले असावे. इथे मात्र टीसीपीसारखे दर वेळी दुप्पट थांबायचे नाही. त्याच्याजवळ पत्ता एकच असतो. आपल्याकडे ड्यूटीवरच्या दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर असतो, वॉर्डातला फोन असतो आणि 108 असतो.